इरकली लुगड्याच्या पिशव्या

ते दोन हजार सहा साल. आदल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गावात शिरलं होतं. गटारं प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबली म्हणून पेपरात रोज छापून येत होतं, आणि आमच्या इचलकरंजीतल्या वसाहतीच्या महिला मंडळाला एकाएकी पृथ्वीची काळजी लागली होती. त्या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू हे 'हरित हळदीकुंकू' आहे असं निमंत्रणातच छापलं होतं. निमंत्रण जाड, चकचकीत कागदाचं होतं.

"या, या शकूमावशी!" हॉलच्या दारात मंडळाच्या अध्यक्षीण नलिनी उपाध्ये उभ्या होत्या. "आम्ही विधवांनाही आवर्जून बोलावतो हं. आमच्याकडे भेदभाव नाही."

हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की ज्यांना माझा नवरा गेल्याचं ठाऊक नव्हतं त्यांनाही ते कळलं. मी आत जाऊन चंपा मगदूमशेजारी बसले. चंपा माझी शेजारीण. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक भिंत आणि एक शेवग्याचं झाड. थोड्या वेळाने कुंकवाची कोयरी घेऊन एक बाई रांगेतून पुढे येत गेली. चंपाला कुंकू लावलं, माझ्यापाशी क्षणभर थांबली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि पुढे सरकली. भेदभाव नव्हता. फक्त बोट उठलं नाही.

मग नलिनीबाईंचं भाषण झालं. दात घासताना नळ बंद करा. भाजीचं धुवण झाडांना घाला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या सासवा अंघोळीच्या पाण्यावर अळू पोसत आल्या होत्या, पण सगळ्या अशा माना डोलवत होत्या की जणू पाणी झाडाला घालायचं असतं हे त्यांना त्याच क्षणी उमगलं. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," नलिनीबाई म्हणाल्या, "वर्षभर न वापरलेली वस्तू घरात ठेवायची नाही. ती पुन्हा कामाला लावायची. आजचं आपलं वाणसुद्धा त्यातूनच तयार झालंय!"

टाळ्या पडल्या. वाण वाटायला सुरुवात झाली. जुन्या साड्यांच्या पिशव्या. प्रत्येकीवर एका बाजूला हिरव्या रंगात ठळक छापलेलं: 'मी वसुंधरेची सखी'.

मला हसूच आलं. इचलकरंजी हे कापडाचं गाव. आमच्याकडे यंत्रमागावरच्या चिंध्यांचे आणि तुकड्यांचे ढीग पोत्यांनी विकतात. माझं माहेर कोष्ट्याचं, मी मागाच्या खडखडाटात वाढले. या गावात पिशव्या शिवायला कापड कमी पडावं, म्हणून घराघरातल्या ट्रंका उघडायच्या, हे फक्त सुशिक्षित बायकांनाच सुचू शकतं.

मी हे चंपाला सांगायला वळले, तर तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिला मिळालेली पिशवी तिने मांडीवर पसरली होती. गर्द निळ्या चौकड्याची, तांबड्या काठाची. तिने काठावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबवला, मग पिशवी नाकाशी नेली.

"शकूताई, हे अक्काव्वाचं लुगडं हाय."

अक्काव्वा म्हणजे तिची आई. सदलग्याची. जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

"कशावरून? इरकली काय कमी असतात?"

"हितं बघा. काठाला रफू. हा टाका माझा हाय." तिचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "ट्रंकेत हुतं. पद्मजासाठी ठेवलेलं."

तेव्हा माझं हसू गेलं.

पद्मजा ही चंपाची मुलगी. लग्न होऊन सात वर्षं झालेली. एक मूल सहाव्या महिन्यात गेलं, दुसरं जन्मलं आणि दोन दिवसांनी गेलं. आता तिसऱ्या खेपेला आठवा लागला होता, आणि ती येत्या रविवारी बाळंतपणाला माहेरी येणार होती. आमच्याकडे तान्ह्या पोराला नवं कापड घालत नाहीत. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. म्हातारीचं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं काढायचं, त्याचं दुपटं करायचं आणि मूल त्यात घ्यायचं. चंपाच्या घरात तिची सगळी पोरं, पुतणे, भाचे अक्काव्वाच्याच लुगड्यांत गुंडाळले गेले होते. पद्मजाच्या दोन्ही वेळेला सासरच्यांनी पुण्याच्या दुकानातून रेशमी झबली, गुलाबी पांघरुणं आणली होती. लुगड्याने मूल जगतं असं मी म्हणत नाही, आणि पद्मजाही म्हणत नव्हती. ती बँकेत अधिकारी होती. पण घाबरलेलं माणूस कशाला तरी धरतं. प्रत्येक फोनवर ती आईला एकच विचारायची, "आजीचं लुगडं नीट आहे ना गं?" आणि चंपा म्हणायची, "हाय, हाय. लिंबाच्या पाल्यात घालून ठेवलंय."

अक्काव्वाची तीन लुगडी होती. दोन आधीच्या पोरांत संपली. हे शेवटचं.

चंपाची सून अर्पिता तिळगुळाचं ताट घेऊन आमच्याच रांगेत येत होती. चंपाने तिला विचारलं, "माझी ट्रंक कुणी उघडली?"

"मीच, आई. मी सांगणारच होते तुम्हाला." तिने ताट कमरेला टेकवलं. "किती जुनं होतं ते, विरलेलं. तुम्ही कधी नेसत पण नाही."

"नेसायला न्हवतं ते."

नलिनीबाई लगबगीने आल्या. "काय झालं चंपाताई? अहो, सुनेचं कौतुक करा! सगळ्यांत जास्त साड्या तिनेच गोळा केल्या."

"पद्मजाच्या पोराला ठेवलं हुतं वो ते."

"अय्या, एवढंच ना? मी देते की! ऑरगॅनिक कॉटनची दुपटी मिळतात पुण्याला, रासायनिक रंग अजिबात नाही. मी मागवते तुमच्यासाठी." त्यांनी चंपाच्या खांद्यावर हात ठेवला. "वस्तूत जीव अडकवू नये, चंपाताई. उलट बघा, तुमच्या आईचं लुगडं आता घराघरात पोहोचलं!"

मी उभी राहिले. "ज्यांच्या पिशवीला तांबडा काठ आहे, त्यांनी त्या इकडे द्या. चार-पाच मिळाल्या तरी दुपटं होईल."

माझ्या पुढ्यातल्या बाईने तिची पिशवी हळूच मांडीखाली सरकवलेली मला दिसली.

"मावशी, वाण परत देतात का कधी?" असं म्हणणारी कोण होती? कोळेकरबाई. हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या. "लुटलेलं वाण परत गेलं की त्याच्याबरोबर सौभाग्य जातं म्हणतात. म्हणजे मी मानत नाही हं. पण उगाच कशाला?"

"उगाच कशाला," असं चार जणी पुटपुटल्या. मग कुणाला दूध तापत ठेवल्याची आठवण झाली, कुणाचा मुलगा क्लासवरून यायचा होता. पाच मिनिटांत वसुंधरेच्या सख्या काखेला पिशव्या मारून पांगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपा माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. मागे अर्पिता, तिचेही सुजलेले. रात्री चंपाच्या मुलाने, महावीरने, बायकोला एकच प्रश्न विचारला म्हणे: "ताईला काय सांगायचं, ते तू सांग." तेव्हापासून ती रडत होती.

"शकूताई, चला माझ्यासंगं," चंपा म्हणाली. "मला धड बोलाय येत न्हाई त्या बायकांशी. तुम्ही फाटक्या तोंडाच्या."

हे तिने स्तुती म्हणून म्हटलं होतं. मी चपला घातल्या.

पहिलं घर कोळेकरबाईंचं. त्यांनी दारातच हात जोडले. "चंपाताई, मला तुमचं दुःख कळतं हो. मला स्वतःला हे काही पटत नाही. पण सासूबाईंचं फार असतं."

"तुमची सासू गडहिंग्लजला असते ना?" मी विचारलं.

"त्यांना कळतं सगळं."

चंपा मागे वळायला लागली. मी तिचा दंड धरला. कोळेकरबाईंचं ते घाबरलेलं, शहाणं तोंड बघता बघता मला आदल्या दिवशीची कोयरी आठवली, आणि एकदम मार्ग दिसला.

"चंपाला देऊच नका," मी म्हणाले. "मला द्या. मला काल कुंकू लावलं नाही, म्हणजे मी तुमच्या हिशेबात सवाष्ण नाही. विधवेला दिलं ते वाण परत दिलं असं होत नाही. ते दान होतं. आणि माझ्याकडून सौभाग्य जायचं म्हटलं, तर ते शहाण्णव सालीच जाऊन बसलंय."

हे शास्त्र मी त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या तयार केलं. कोळेकरबाईंनी त्यावर नीट विचार केला. विज्ञानाच्या पेपरवर करत असतील तसा.

"हो, दान चालेल," त्या म्हणाल्या, आणि आतून पिशवी आणून माझ्या ओंजळीत दोन्ही हातांनी ठेवली. वर एक लाडूही दिला. दानाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं!

रस्त्यावर आल्यावर चंपा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि त्याच पदराने डोळे पुसत होती. "कुठल्या पोथीतलं वो हे?"

"माझ्या."

मग घरोघरी तेच. मी दारात उभी राहायची, माझं रंडकेपण पुढे करायची आणि बायका सुटकेचा श्वास टाकून पिशवी द्यायच्या. एकीने तीत मुलाचे बूट भरले होते. एकीने कांदे. एका डॉक्टरच्या बायकोने ती कामवालीला देऊन टाकली होती. "असल्या जुनाट कापडाची पिशवी घेऊन मी कुठे जाणार?" ती म्हणाली. आदल्या दिवशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी हीच. कामवालीने पिशवी तिथल्या तिथे काढून दिली. तिने वाण, सौभाग्य, काहीच विचारलं नाही. तिला फक्त पिशवीतल्या शिळ्या भाकरी कशात न्यायच्या एवढी चिंता होती. मी तिला माझ्या हातातली बाजाराची पिशवी दिली.

दुपारपर्यंत चार पिशव्या जमल्या. पण छापलेली बाजू कापून टाकली असती तर त्यात मुलाचे पायही झाकले नसते. पदराचा भाग, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत मऊ, नलिनी उपाध्येंकडे होता. स्वतःसाठी त्यांनी पदराचीच मोठी पिशवी शिवून घेतली होती.

नलिनीबाईंच्या बंगल्यात आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. ओट्याखाली पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. त्याची एक नळी थेट मोरीत सोडलेली, तिच्यातून स्वच्छ पाणी सारखं वाहत होतं. आणि फ्रिजच्या कडीला अक्काव्वाचा पदर टांगलेला होता. फुगलेला. आत काय, तर प्लास्टिकच्या पिशव्या. घडी घालून एकात एक खोचलेल्या, शेकड्याने.

नलिनीबाईंनी माझी नजर पाहिली. "आम्ही रियूज करतो त्या."

मी माझं दानाचं शास्त्र सांगितलं. नलिनीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दिवाणखान्याकडे बघून आवाज खाली आणला. "मावशी, ह्यांचं दिवाळीत बायपास झालंय. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. आणि तुम्ही म्हणता संक्रांतीचं वाण एका... म्हणजे तुमच्या हातात देऊ? नको. चंपाताईंना एक वेळ दिलं असतं. तुमच्या हातात नको."

म्हणजे आता मी अडचण होते. इतर घरांत चाललेलं माझं नाणं या घरात खोटं ठरलं. त्या घाबरल्या होत्या हे मात्र खरं. एरवी मला कणव आली असती. पण चंपा तिथे खुर्चीच्या कडेला बसली होती, आणि तिच्या मुलीच्या भीतीला याच बाईने आदल्या दिवशी 'वस्तूत जीव अडकवू नये' म्हणून सांगितलं होतं.

"मग आईंनाच द्या," अर्पिता म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिने तोंड उघडलं होतं.

"अर्पिता, तू तरी समजून घे."

"मी सगळंच समजून घेतलं, ताई. मी विचारलं होतं तुम्हाला, आईंना सांगून साड्या आणू का. तुम्ही म्हणालात, विचारायचं नाही. म्हाताऱ्यांना विचारलं की त्या नाही म्हणतात. त्या घरात नसताना काढायचं, महिन्याने त्यांच्या लक्षातही राहत नाही." ती रडत नव्हती. "आई त्या दिवशी माझ्याच मुलाला डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. तेव्हा मी ट्रंक उघडली."

चंपाने सुनेकडे पाहिलं. यंत्राची नळी मोरीत वाहत होती.

"पिशव्यांच्या कार्यशाळेत मी तसं सरसकट म्हटलं होतं," नलिनीबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंबद्दल नाही."

तेवढ्यात दारात उपाध्ये उभे. लुंगी, छातीवर उभा व्रण, हातात पेपर. बाहेरच्या खोलीत ऐकू जात नाही असं फक्त त्यांच्या बायकोला वाटत होतं.

"कुणाच्या मरणावरून चाललंय?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही आत जा. ताण नको."

"माझ्याच ना? मग मला ठरवू दे." ते फ्रिजपाशी गेले, पिशवी काढली आणि उलटी केली. प्लास्टिकच्या पिशव्या टेबलावर, खुर्च्यांवर, चंपाच्या मांडीवर फुलांसारख्या उडाल्या. मग त्यांनी ती रिकामी पिशवी दोनदा झटकली आणि चंपाच्या हातात दिली. "घ्या वहिनी. बायकांनी बायकांना दिलं तर वाण. मी पुरुष आहे, मी नुसती पिशवी दिली."

"अहो!" नलिनीबाई किंचाळल्या.

"आणि नलू, मरायचं मला आहे. तू कशाला एवढी घाई करतेस?"

चंपाने पिशवी छातीशी धरली. फाटकापाशी अर्पिताने सासूच्या चपला सरळ करून ठेवल्या, आणि चंपा तिला म्हणाली, "घरी जाऊन चा टाक. आलं घालून. शकूताईंनाबी."

रात्र पडायच्या आधी आम्ही तिघींनी शिवणी उसवल्या. अक्षरं छापलेले भाग कापले. तरी एका तुकड्यावर अर्धवट 'खी' उरली, ती काढली तर लांबी कमी पडत होती. चंपाने धावदोरा घालून तुकडे जोडले. तिची इच्छा होती की पद्मजाला काही कळू नये. मी म्हटलं, जोड दिसणारच. आंधळ्यालाही बोटाने कळतील.

रविवारी पद्मजा आली. पायांना सूज, चेहरा मेणासारखा. बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, "आई, दाखव."

चंपाने दुपटं पुढे केलं. पद्मजाने ते उलगडलं, जोडांवरून बोट फिरवलं. "हे असं तुकडे तुकडे का?"

चंपा माझ्याकडे बघायला लागली. अर्पिता पुढे झाली. "मी कापायला दिलं, ताई. वाण म्हणून." आणि तिने सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. कोळेकरबाईंचा लाडू आला, बूट आले, कांदे आले, 'मरायचं मला आहे' आलं. पद्मजा ऐकत राहिली. मग तिला 'खी' दिसली.

"हे काय आहे?"

"तू वसुंधरेची खी हाइस," चंपा म्हणाली.

पद्मजा हसली. पोट दोन्ही हातांनी धरून, भिंतीला टेकून हसली. चंपाने नंतर मला सांगितलं, दुसरं मूल गेल्यापासून ती अशी हसलेली तिने ऐकली नव्हती. त्या रात्री पद्मजा दुपटं उशाशी घेऊन झोपली, आणि म्हणे सकाळपर्यंत उठली नाही.

मुलगी झाली. दिवस भरून, धडधाकट, जन्मताच घर डोक्यावर घेणारी.

आता त्यातलं कोण कुठे आहे ते सांगून टाकते. उपाध्ये आणखी तेरा वर्षं जगले आणि एक दिवस पेपर वाचता वाचता गेले. त्यात पिशवीचा काही हात नव्हता. कोळेकरबाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. अर्पिता पुढच्याच वर्षी मंडळातून बाहेर पडली. तिच्या घरात काही टाकायचं असलं की ती आधी सगळ्यांना विचारत फिरते, इतकी की महावीर वैतागतो. चंपा पाच वर्षांपूर्वी गेली. भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला की मी अजून हाक मारायला तोंड उघडते.

नलिनीबाई आहेत. चांगल्या आहेत. त्यांना पर्यावरणाचे दोन पुरस्कार मिळाले. अलीकडे त्या एक व्याख्यान देतात. आजीच्या लुगड्यापासून दुपटं कसं करावं, हे त्या शहरातल्या मुलींना समजावून सांगतात. त्यात त्या एक हृदयस्पर्शी प्रसंग सांगतात म्हणे: एका गरोदर मुलीसाठी त्यांनी जुन्या लुगड्याच्या पिशव्या घरोघर फिरून कशा गोळा केल्या. लोक रडतात. शेवटी त्या दुपट्यांची विक्री असते. नव्या कापडाची, कारखान्यात दहादा धुऊन मऊ केलेली. मला निमंत्रण आलं होतं, या वेळी कापडावर छापलेलं. मी त्यात मटकी मोड आणायला बांधली.

पद्मजाची मुलगी आता कॉलेजात आहे. त्या दुपट्यात ती वाढली, मग तिचा धाकटा भाऊ वाढला. मग ते इतकं विरलं की बोट लावलं तरी फाटायचं. गेल्या दिवाळीत मी पद्मजाकडे गेले होते, तेव्हा तिने देवघराच्या समया पुसायला एक निळसर फडकं काढलं, समया पुसल्या, त्याच फडक्याने ओट्यावर सांडलेलं तेल टिपलं आणि ते पेटत्या बंबात टाकलं. जळताना तांबडा काठ मला ओळखू आला.

"पद्मा, ते अक्काव्वाचं ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि बंबात लाकूड सारलं. "संपलं ते आता. मावशी, पाणी तापलंय, अंघोळीला बसा."